व्हीआयपी नंबर खरंच 'आपला' असतो का? घ्यायचा, तपासायचा आणि नावावर करायचा, पण आधी हे समजून घ्या

नोव्हेंबर २०२५ मध्ये हरियाणात एका गाडीच्या नंबरासाठी तब्बल १ कोटी १७ लाखांची बोली लागली. नंबर होता एचआर ८८ बी ८८८८. सरकारी बोली सुरू झाली होती ५० हजारांपासून. बातमी आली, रील्स झाल्या, 'भारतातला सगळ्यात महागडा नंबर' असे थंबनेल फिरले. काही दिवसांत दुसरी बातमी आली. बोली जिंकणाऱ्यानं मुदतीत पैसेच भरले नाहीत. मग हरियाणाचे परिवहन मंत्री अनिल विज यांनी त्या माणसाची खरंच एवढी ऐपत आहे का, याची चौकशी करायला सांगितलं.

मित्रांनो, ही बातमी आपण सगळ्यांनी 'काय लोक असतात!' म्हणून पाहिली आणि पुढे स्क्रोल केलं. पण याच महिन्यात, याच राज्याच्या आणखी एका नंबराची बातमी होती आणि तिच्यात हसण्यासारखं काही नव्हतं. १० नोव्हेंबरला दिल्लीत लाल किल्ल्याजवळ ज्या कारमध्ये स्फोट झाला, तिचा नंबर हरियाणाचा होता. पोलिसांनी नंबरावरून माग काढला, तेव्हा ते आधी पोहोचले नोंदीतल्या मालकापर्यंत. त्यानं ती गाडी कधीच विकली होती. त्यानंतर ती आणखी काही हातांतून गेली होती. रेकॉर्डवर मात्र नाव त्याचंच होतं.

या दोन बातम्या शेजारी ठेवल्या की नंबर प्लेटबद्दलची खरी गोष्ट कळते. आपण नंबराकडे दागिना म्हणून बघतो, सरकार त्याच्याकडे पत्ता म्हणून बघतं. काही गडबड झाली की त्या पत्त्यावर जो राहतो, त्याचं दार वाजतं. म्हणून नंबर विकत घेताना, जुन्या गाडीसोबत घेताना किंवा गाडी विकताना नेमकं काय होतं, ते आज सरळ भाषेत पाहू.

नंबर कोणाचा? तुमचा की गाडीचा?

सुरुवात इथूनच करायला हवी, कारण पुढचे सगळे गोंधळ या एका प्रश्नातून होतात.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ४१ प्रमाणे आरटीओ नोंदणी करताना नंबर देतं तो वाहनाला. मालकाला नाही. गाडी विकली की नंबर गाडीबरोबर जातो. तुम्ही त्याच्यासाठी पाचशे रुपये भरले असोत की पाच लाख, नियम तोच.

मग आपण पैसे कशाचे भरतो? चालू मालिकेतला एक ठरावीक नंबर आपल्या गाडीसाठी राखून ठेवण्याचे. सरकारी भाषेत याला 'पसंती क्रमांक' किंवा 'आकर्षक क्रमांक' म्हणतात आणि हा शब्द बरोबर आहे. तुम्ही पसंती सांगता, सरकार तिची फी घेतं. नंबराची मालकी तुमच्याकडे येत नाही.

ब्रिटनमध्ये वेगळं आहे. तिथे डीव्हीएलए ही सरकारी संस्था १९८९ पासून नंबर विकते. गाडी नसली तरी नंबर घेता येतो, प्रमाणपत्राच्या रूपात जवळ ठेवता येतो, भेट देता येतो, दुसऱ्याला विकता येतो. दुबईत तर नंबरांचे लिलाव म्हणजे सोहळाच. एप्रिल २०२३ मध्ये तिथे 'पी ७' हा नंबर साडेपाच कोटी दिरहमला गेला.

हे व्हिडिओ बघून आपल्याकडेही काही जण सांगायला लागतात, 'भाऊ, नंबर घेऊन ठेव, उद्या दुप्पट भाव येईल.' इथेच सावध व्हा. आपल्याकडे गाडीशिवाय नुसता नंबर विकायची सोय नाही. त्यामुळे कोणी 'माझ्याकडे ०००७ आहे, एवढे पैसे पाठव, तुझ्या नावावर करतो' म्हणाला, तर तो विकतोय ती वस्तू मुळात त्याच्याकडे नाहीच.

महाराष्ट्रात भाव काय आहे?

राज्य सरकारनं ३० ऑगस्ट २०२४ च्या अधिसूचनेनं पसंतीच्या नंबरांची फी वाढवली. त्याआधीची वाढ २०१३ मधली होती. सगळ्यात जास्त मागणी अर्थातच ०००१ ला. त्याचे आकडे असे:

• मुंबई, पुण्यासारख्या जास्त मागणीच्या भागांत चारचाकीसाठी ६ लाख रुपये (आधी ४ लाख)
• इतर ठिकाणी चारचाकीसाठी ५ लाख रुपये (आधी ३ लाख)
• दुचाकीसाठी १ लाख रुपये (आधी ५० हजार)
• चालू मालिकेबाहेरचा म्हणजे दुसऱ्या मालिकेतला ०००१ हवा असेल तर तिप्पट. जास्त मागणीच्या भागात हा आकडा १८ लाखांपर्यंत जातो.

हा 'तिप्पट'चा प्रकार नीट समजून घ्या. समजा कारच्या मालिकेतला तुमचा आवडता नंबर गेला आणि त्याच आठवड्यात दुचाकीची नवी मालिका सुरू झाली. तर त्या दुचाकीच्या मालिकेतला नंबर कारला घेता येतो, पण फी तिप्पट. पुण्यात नवी दुचाकी मालिका सुरू होताना आरटीओच्या सूचनेत हे दर वेळी लिहिलेलं असतं.

०००९, ०७८६, ९९९९ अशा नंबरांची फी ०००१ पेक्षा कमी, त्याखालच्या गटांची आणखी कमी. आणि जन्मतारीख, बेरीज ९, पहिल्या गाडीचा नंबर अशा यादीबाहेरच्या पसंतीला तर फी बरीच कमी आहे. म्हणजे बहुतेक तरुणांना जो नंबर हवा असतो, त्यासाठी लाखाच्या बातम्या वाचून घाबरायचं कारण नाही.

त्याच अधिसूचनेत आणखी एक बदल झाला. असा नंबर पती-पत्नी, मुलगा किंवा मुलगी अशा जवळच्या कुटुंबीयांना देण्याची मुभा मिळाली. बाबांच्या गाडीचा नंबर घरातच राहावा असं वाटणाऱ्यांसाठी ही चांगली गोष्ट आहे. पण मुभा घरापुरतीच आहे. मित्राला, चुलतभावाला किंवा इन्स्टावर भेटलेल्या 'कलेक्टर'ला नंबर देण्याचा रस्ता त्यात नाही.

हरियाणाची बोली का फसली?

कारण सोपं आहे. तिथे बोलीत उतरायला अनामत आणि अर्जाची फी धरून साधारण ११ हजार रुपये लागले. म्हणजे ११ हजार भरून कोणीही १ कोटीचं बटण दाबू शकतो. पैसे नाही भरले तर गेले ११ हजार. एवढ्या पैशांत देशभरातल्या बातम्यांत झळकायला मिळत असेल तर कोणीतरी बटण दाबणारच.

ऑनलाइन लिलावात दुसरीही गंमत आहे. समोर आकडा वाढताना दिसत असतो. त्याने ३० लाख म्हटले की आपण ३१. हे गेम खेळण्यासारखं होतं आणि माणूस वाहवत जातो. एप्रिल २०२५ मध्ये केरळात केएल ०७ डीजी ०००७ हा नंबर २५ हजारांवरून चढत सुमारे ४६ लाखांना गेला. त्याआधी २०२२ मध्ये चंडीगडला एकानं सीएच ०१ सीजे ०००१ हा नंबर १५ लाख ४४ हजारांना घेतला. गाडी कोणती? सुमारे ७१ हजारांची ॲक्टिव्हा.

महाराष्ट्रात नव्या मालिकेच्या वेळी पद्धत जुन्या वळणाची आहे. आधी ठरलेल्या फीचा डिमांड ड्राफ्ट अर्जासोबत द्यायचा. एकाच नंबरासाठी दोन-तीन अर्ज आले, तर त्या अर्जदारांना जादा रकमेचा ड्राफ्ट बंद पाकिटात द्यायला सांगतात. पाकिटं सगळ्यांसमोर उघडतात. ज्याची रक्कम जास्त, त्याला नंबर.

या पद्धतीत रांग लागते, बँकेत जावं लागतं, कंटाळा येतो. पण एक फायदा आहे. इथे थाप मारता येत नाही. बोली लावायची तर पैसे आधी बँकेतून काढावे लागतात. ऑनलाइन लिलाव सोयीचा आहेच. पण बोलीच्या प्रमाणात अनामत वाढत गेली नाही तर एचआर ८८ बी ८८८८ सारखे प्रकार पुन्हा होणार. आणि त्यात नुकसान होतं ते खरंच नंबर हवा असलेल्या माणसाचं, कारण तो खोट्या आकड्यापुढे माघार घेऊन घरी गेलेला असतो.

नंबर घ्यायचाय? मग हा क्रम ठेवा

मालिकेत उरलेले पसंतीचे नंबर आता मोबाइलवरूनही राखता येतात. राज्यात २५ नोव्हेंबर २०२४ पासून ही सुविधा फेसलेस झाली, म्हणजे आधार ओटीपीवर काम होतं, आरटीओत जावं लागत नाही.

१. आधी डीलरला सांगा. हे सगळ्यात महत्त्वाचं. नव्या गाडीची नोंदणी आता शोरूममधूनच होते. तुम्ही गप्प राहिलात आणि डीलरनं फाइल पुढे पाठवली, तर सिस्टीम जो नंबर देईल तो तुमचा. मग 'मला दुसरा हवा होता' म्हणून उपयोग नाही.

२. साइट एकच. फॅन्सी डॉट परिवहन डॉट गव्ह डॉट इन. पत्त्याचा शेवट 'गव्ह डॉट इन' असाच हवा. सर्च केल्यावर वर दिसणाऱ्या जाहिरातीच्या लिंकवर क्लिक करू नका.

३. तुमचं आरटीओ निवडून मालिकेत काय शिल्लक आहे ते बघा. आवडता नंबर गेला असेल तर पुढची मालिका कधी सुरू होणार याची चौकशी आरटीओत करा. थोडं थांबलात तर तिप्पट फी वाचते.

४. नाव नीट टाका. ज्याच्या नावावर पावती, त्याच्याच नावावर गाडी. पावती तुमच्या नावावर आणि कर्जासाठी गाडी आईच्या नावावर, असं झालं की घोळ होतो.

५. पैसे भरून ई-पावती डाउनलोड करा आणि डीलरला द्या. पावतीवरची मुदत बघा. मुदतीत गाडीची नोंदणी झाली नाही तर आरक्षण रद्द होतं आणि फी सरकारजमा.

एक टीप. बदलीच्या नोकरीमुळे बीएच मालिकेचा नंबर घेणार असाल तर पसंती विसरा. २०२१ पासून सुरू झालेल्या या मालिकेत नंबर कॉम्प्युटरच ठरवतो.

'दादा', 'राम', 'बॉस' आणि नवी प्लेट

महाराष्ट्रात काही नंबरांना भाव वेगळ्याच कारणानं येतो. ४१४१ घ्यायचा, इंग्रजी चारला 'द' करायचा, एकाचा काना करायचा, की झालं 'दादा'. २१४ चं 'राम', ४९१२ चं 'पवार', ८०५५ चं 'बॉस'. गावोगावच्या रेडियमवाल्यांनी ही कला कुठल्या कुठे नेली!

पण नियम आधीपासून स्पष्ट आहे. प्लेटवर अक्षरं इंग्रजी आणि आकडे आंतरराष्ट्रीय पद्धतीचेच हवेत. अक्षरांचा आकारही ठरलेला आहे. मराठी आकडे लिहिले तरी तो नियमभंगच. आणि आता एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नोंदणी प्लेट आली आहे. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना ती सक्तीची आहे. त्याआधीच्या गाड्यांनाही महाराष्ट्रात ती लावून घ्यायला सांगितलं आहे. दुचाकीला ४५०, तीनचाकीला ५००, चारचाकीला ७४५ रुपये, वर जीएसटी. अंतिम मुदत मात्र २०२५ मध्ये एकदा नाही, अनेकदा पुढे गेली.

या प्लेटवर अशोकचक्राचा होलोग्राम असतो, लेझरनं कोरलेला दहा अंकी कोड असतो आणि ती स्नॅप लॉकनं बसवतात. ती काढायची तर लॉक तोडावंच लागतं. म्हणजे कोणी ४१४१ साठी जादा पैसे मोजले तरी प्लेटवर दिसणार ४१४१ च. 'दादा' वाचायला दादांनाच डोळे बारीक करावे लागतील.

हे वाचून हसू येतं, पण यामागचं कारण गंभीर आहे. अपघात करून गाडी पळाली तर रस्त्यावरच्या माणसाला दोन सेकंद मिळतात. त्या दोन सेकंदांत नंबर वाचता आला नाही, तर जखमी माणसाच्या हातात काहीच उरत नाही.

सेकंडहँड गाडी? आधी नंबर तपासा

तरुणांची पहिली गाडी बहुतेक वेळा जुनीच असते. आणि जाहिरातीत 'व्हीआयपी नंबर' लिहिलं की विकणारा दहा-वीस हजार जास्त सांगतो. देण्याआधी पाच मिनिटं मोबाइलवर घालवा.

• एमपरिवहन ॲप किंवा वाहन पोर्टल: मोबाइल नंबरनं लॉगिन करा आणि गाडीचा नंबर टाका. नोंदणीची तारीख, आरटीओ, इंधन, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत आहे, गाडीवर कर्जाचा बोजा आहे का, हे दिसतं. मालकाचं नाव अर्धवट झाकलेलं असतं. तरी दिसणारी अक्षरं विकणाऱ्याच्या आरसीशी जुळतात का ते बघा.

• आरसी डिजिलॉकरमध्ये उघडून दाखवायला सांगा. व्हॉट्सॲपवर आलेला आरसीचा फोटो हा पुरावा नाही. फोटो कोणीही एडिट करतो.

• चेसिस आणि इंजिन नंबर गाडीवर प्रत्यक्ष बघा. प्लेट बदलता येते, चेसिसवर ठोकलेला नंबर सहज बदलता येत नाही. आरसीवर एक आणि गाडीवर दुसरा असेल तर तिथून निघा. भाव कितीही कमी असो.

• चलन बघा. महाट्रॅफिक ॲपवर किंवा ई-चलन पोर्टलवर नंबर टाकला की थकलेली चलनं दिसतात. चलन गाडीच्या नंबरावर असतं, त्यामुळे विकणारा बदलला तरी ते तिथंच राहतं. व्यवहाराआधी भरून घ्या.

• चोरीची गाडी नाही ना? एनसीआरबीच्या पोर्टलवर 'वाहन समन्वय' नावाची सोय आहे. गाडी पोलिसांच्या चोरीच्या नोंदीत आहे का, हे तिथे तपासता येतं.

आणि हो, हे सगळं करताना एक लक्षात ठेवा. 'आरटीओ चलन' अशा नावाची एपीके फाइल व्हॉट्सॲपवर आली तर हात लावू नका. आरटीओ असो की वाहतूक पोलीस, कोणीही एपीके पाठवून चलन दाखवत नाही. ही फाइल टाकली की मोबाइलमधले ओटीपी चोराकडे जातात. चलन बघायचं तर स्वतः साइटवर जाऊन बघायचं.

नावावर करण्याचं काम 'नंतर बघू' म्हणून सोडू नका

आता येऊ सगळ्यात महत्त्वाच्या गोष्टीवर.

समजा तुम्ही बाइक विकली. पैसे मिळाले, चावी दिली, आरसी दिली. घेणारा म्हणाला, 'दादा, नावावर करून घेतो आठवड्यात.' तुम्ही म्हणालात, 'बरं.' तुमच्या दृष्टीनं विषय संपला. कायद्याच्या दृष्टीनं तो सुरूही झालेला नाही.

सर्वोच्च न्यायालयानं ६ फेब्रुवारी २०१८ रोजी 'नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार' या खटल्यात हे अगदी स्पष्ट केलं. त्या प्रकरणात गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी गेली होती. मग अपघात झाला. भरपाई कोणी द्यायची? न्यायालय म्हणालं, आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तो मालक. अपघातात जखमी झालेल्या किंवा माणूस गमावलेल्या कुटुंबानं गाडी कोणी कोणाला विकली याचा शोध घेत फिरायचं का? तसा बोजा त्यांच्यावर टाकता येणार नाही.

निकाल कडक वाटतो, पण न्याय्य आहे. गाडी कोणाला विकली हे तुम्हाला माहीत असतं, धडक बसलेल्याला नसतं. त्याला दिसतो फक्त नंबर.

म्हणून गाडी विकताना आणि घेताना हे करा:

१. फॉर्म २९ आणि फॉर्म ३०. २९ म्हणजे विकणाऱ्यानं दिलेली सूचना, ३० म्हणजे मालकी बदलण्याचा अर्ज. परिवहन साइटवरून ऑनलाइन अर्ज भरता येतो. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं.

२. कोऱ्या फॉर्मवर सह्या करून देऊ नका. एजंट म्हणतो, 'इथे सही करा, बाकी मी भरतो.' तसं केलं की तुमची गाडी किती हातांत फिरेल याचा पत्ता लागत नाही. दिल्लीच्या त्या कारचा प्रवास आठवा.

३. कर्ज असेल तर बँकेचं ना हरकत पत्र आधी घ्या. बोजा उतरल्याशिवाय नाव बदलत नाही.

४. विमाही नावावर करा. घेणाऱ्यानं १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करायचा असतो. आरसी एकाच्या नावावर आणि पॉलिसी दुसऱ्याच्या, असं असलं की स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो.

५. डीलरला किंवा ॲपवरून विकत असाल तर अधिकृत डीलर आहे का ते विचारा. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरसाठी नवे नियम आहेत. अधिकृत डीलरला गाडी देताना फॉर्म २९सी मधून ऑनलाइन सूचना जाते. पुढचा ग्राहक मिळेपर्यंत तो डीलर मालक मानला जातो. म्हणजे गाडी त्याच्या अंगणात उभी असताना काही झालं तर प्रश्न त्याला विचारतात, तुम्हाला नाही.

६. महिन्याभरानं नंबर पुन्हा तपासा. एमपरिवहनवर मालकाची झाकलेली अक्षरं बदलली का बघा. तुमचीच दिसत असतील तर फोन उचला आणि मागे लागा.

गाडी दुसऱ्या राज्यात कायमची नेणार असाल तर वेगळी गोष्ट. बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ तिथे ठेवायची तर त्या राज्याचा नवा नंबर घ्यावा लागतो. लाखभर मोजून घेतलेला पुण्याचा नंबर बंगळुरूच्या नोकरीत गळून पडू शकतो. ज्यांची नोकरी शहरं बदलणारी आहे, त्यांनी हा हिशोब आधीच करावा.

मग घ्यावा की नको?

घ्या की! हौसेला मोल नसतं म्हणतात. आजोबांच्या स्कूटरचा नंबर, लेकीची जन्मतारीख, यात चुकीचं काही नाही. आणि ही फी सरकारच्या तिजोरीत जाते. सरकारला यात ना काही बनवावं लागतं ना साठवावं लागतं. एका मालिकेत ९९९९ नंबर असतात, त्यातले मोजके आपण सगळे मागतो आणि त्या मागणीची फी होते. हौशी माणूस स्वखुशीनं देतो, कोणावर सक्ती नाही. कर म्हणून बघितला तर यापेक्षा कमी दुखणारा कर सापडणं अवघड.

फक्त दोन गोष्टी मनात पक्क्या ठेवा. एक, ही गुंतवणूक नाही, खर्च आहे. तो नंबर नंतर जास्त भावानं विकता येईल या आशेवर कर्ज काढू नका. दोन, नंबर लक्षात राहणारा असला की तो सगळ्यांच्याच लक्षात राहतो. सिग्नल तोडला तर कॅमेऱ्याच्या, धडक दिली तर साक्षीदाराच्या आणि गाडी विकून नाव बदललं नाही तर पोलिसांच्याही.

आणि तुमच्याकडे व्हीआयपी नंबर नसेल, कधी घ्यायचाही नसेल, तरी आज एक काम नक्की करा. तुम्ही किंवा घरातल्या कोणी गेल्या चार-पाच वर्षांत एखादी गाडी विकली असेल, तर तिचा जुना नंबर आठवा आणि एमपरिवहनमध्ये टाकून बघा. नाव बदललेलं दिसलं तर निवांत झोपा. नसेल, तर उद्या सकाळचं पहिलं काम तेच.